बाबांच्या सायकलला कुठला टायर

टायर फुटला तेव्हा सायकलवर कोणीच नव्हतं. भाद्रपदातलं ऊन, सायकल जिन्याच्या बाहेर स्टँडवर उभी, आणि भर दुपारी असा बार उडाला की समोरच्या फरसाणवाल्याने आधी शेगडी बंद केली आणि मग बाहेर डोकावून पाहिलं. रविवार होता म्हणून मी घरी होतो. खाली जाऊन बघतो तर पुढचा टायर कडेला वीतभर फाटलेला आणि त्यातून ट्यूबच्या चिंध्या लोंबतायत. बाबा माझ्या मागून एकेक पायरी उतरत आले. चाकाकडे पाहिलं आणि म्हणाले, दसऱ्याच्या आत दोन्ही नवीन बसवून टाक. एवढं बोलून ते वर निघून गेले.

आता हे दसऱ्याचं काय ते सांगायला हवं. आमचे पूर्वज बडोद्याच्या संस्थानात घोडदळात होते. आता आम्ही कोणी बँकेत, कोणी शाळेत, आणि मी वाघोडियाच्या एका कारखान्यात आलेला माल तपासायला. घोडा आमच्यापैकी कोणी जवळून पाहिलेलासुद्धा नाही. पण दसऱ्याला चुलत्यांची सगळी घरं रावपुऱ्यात आमच्याकडे जमतात, फाफडा-जिलेबी खातात आणि तिथून सगळे पुरुष वाहनावर बसून पाणीगेटाच्या बाहेर सीमोल्लंघनाला जातात. बसून, हे महत्त्वाचं. पायी जायचं नाही. पायी पायदळ जातं, आपण स्वार, असं बाबा लहानपणापासून आम्हाला सांगत आले. ज्याच्याकडे जे वाहन असेल ते: स्कूटर, मोटारसायकल, आता दोन-तीन गाड्याही असतात. सगळ्यांच्या पुढे बाबा, सायकलवर. गेल्या वर्षी ते तापाने पडले होते म्हणून गेले नाहीत, आणि तो दसरा कसा अळणी झाला ते मी पाहिलं आहे.

बाबांचं वय एक्क्याऐंशी. चैत्रात त्यांना न्हाणीघरात चक्कर आली होती. तेव्हा डॉक्टरांनी सायकल शक्यतो टाळा म्हटलं, आणि बाबांनी बघू म्हटलं. त्यानंतरही ते रोज सकाळी आठला सायकल काढून सुरसागराच्या काठी त्यांच्या मित्रांच्या बाकावर जायचे आणि अकराला परत यायचे. गल्लीत खड्डे फार, म्हणून नाक्यापर्यंत हातात धरून नेतो, असं सांगायचे. त्यामुळे टायर फुटला तेव्हा माझ्या बायकोला मनापासून आनंद झाला. तिने तो लपवलाही नाही. ती म्हणाली, अहो, देवानेच थांबवलंय, तुम्ही मध्ये पडू नका. शिवाय दुसऱ्या दिवसापासून पितृपंधरवडा लागत होता. त्यात आमच्याकडे नवीन वस्तू घेत नाहीत. म्हणजे पंधरा दिवस टायर घरात येणं शक्यच नव्हतं.

आणि हेच पंधरा दिवस मला भोवले. नाहीतर मी त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरून दोन टायर आणले असते आणि विषय मिटला असता. पण घ्यायचा नाही आणि विचार मात्र करायचा, असं झालं की माझ्यासारख्या माणसाचं काही खरं नाही. कारखान्यात मी स्क्रूसुद्धा चार पुरवठादारांचे नमुने मागवून पास करतो. म्हटलं, एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस चालवणार आहे, तर बघून-सवरून घेऊ.

पहिल्यांदा गेलो नव्या रस्त्यावरच्या सायकलींच्या शोरूममध्ये. आत एसी. भिंतीवर टायर असे टांगलेले की हात लावायचीही भीती वाटावी. तिथल्या पोराने, पोरगाच होता, तोंड भरून स्वागत केलं आणि मला कुठल्या प्रकारचा टायर हवाय ते विचारलं. मी म्हटलं, सायकलचा. तो हसला. मग त्याने सांगायला सुरुवात केली. गुळगुळीत पातळ टायर हलका पळतो, पण खड्ड्यात रिम वाकते. गाठीगाठींचा जाड टायर ओल्या मातीत घट्ट धरतो, पण डांबरावर जड जातो आणि घूं घूं आवाज करतो. दोन्हींच्या मधला एक असतो, तो दोन्ही करतो. दोन्ही करतो तर सगळ्यांनी तोच का घेऊ नये, असं मी विचारलं. तर म्हणाला, सर, तो दोन्ही थोडं थोडं करतो. आणि शेवटी एक भरीव टायर, आत हवाच नाही, आयुष्यात पंक्चर नाही. पण तो दगडासारखा, पाठीचे मणके मोजून घ्यावेत. मी डायरीत सगळं लिहून घेतलं. मग त्याने साईझ विचारली आणि मला आठवलं की ती मी बघितलीच नव्हती. माल तपासणारा माणूस मी!

घरी येऊन फाटक्या टायरवर बोट फिरवून वाचलं. अठ्ठावीस, गुणिले एक पूर्णांक एक द्वितीयांश. शोरूमला फोन केला तर म्हणाले, ह्या साईझचं आमच्याकडे काहीच नाही, तुम्ही नवीन सायकल का घेत नाही? मी फोन ठेवून दिला. तुम्ही नवीन बाप का घेत नाही, असं विचारल्यासारखं वाटलं मला ते.

कारखान्याच्या बसमध्ये विषय काढला ही दुसरी चूक. वाघोडियापर्यंतचा रस्ता सरळ, लोकांना उद्योग नाही, आणि सायकलचं ज्ञान प्रत्येकाला असतं. एक म्हणाला गाठींचाच घ्या, म्हातारा माणूस घसरता कामा नये. दुसरा म्हणाला गाठींचा घेतलात तर त्यांना पायडल मारवणार नाही, छातीवर ताण येईल, मग तुम्हीच रडाल. तिसरा म्हणाला भरीवच. वाटेत पंक्चर झालं तर ते बिचारे काय करतील? तिघांचंही पटायचं. बसमधून उतरेपर्यंत माझं डोकं भंजाळून गेलेलं असायचं. आणि रोज ह्या सगळ्याच्या तळाशी एकच गोष्ट टोचायची: ते पडले तर? मीच हौसेने टायर घालून दिले आणि ते पडले तर?

शेवटी ठरवलं, चालवणाऱ्यालाच विचारावं. वहीच्या पानावर प्रश्न काढले आणि बाबांच्या समोर बसलो. वेग किती लागतो? ते म्हणाले, वेग कसला, नको वेग. मग हलका हवा का? तर म्हणाले, हलका कशाला, जरा जडच बरा, हातात राहते. रस्त्यावर घसरते का? म्हणाले, घसरेल कशी? मग काय त्रास होतो? त्यावर ते म्हणाले की हवा कमी झाली की सायकल कलते, तेवढं होऊ नये. वजन टाकलं की दबता कामा नये. मी लिहिलं: जड, टणक, वेग नाही. म्हणजे भरीव? मी भरीव टायरचं सांगितल्याबरोबर ते चिडले. हवा नसलेलं चाक म्हणजे काय, लहान मुलांची तीनचाकी? रविवारी पंपाने हवा भरायची असते. एवढंच ना, मग एवढं काय पाल्हाळ लावलंयस?

मी कागद घडी करून खिशात ठेवला. मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू? सांगतात एक, मागतात दुसरं. जड हवं, टणक हवं, पण भरीव नको. सायकलस्वाराने मागाव्यात अशा ह्या गोष्टीच नव्हत्या.

तोवर घरात एक वेगळीच पीडा सुरू झाली होती. बाबा बाहेर पडेनात. मी म्हटलं, रिक्षा करून देतो, सुरसागरला सोडेल आणि घेऊन येईल. नको म्हणाले. बायकोने पुढाकार घेऊन तिच्या माहेरची एक छानशी काठी आणली, वर पितळेची मूठ असलेली. ती त्यांनी हातात घेऊन उलटसुलट बघितली, चांगली आहे म्हणाले आणि कपाटाच्या मागे ठेवून दिली. चौथ्या दिवशी दाढी करायची सोडली. आठव्या दिवशी त्यांचे मित्र दोघे जण घरी येऊन गेले, तर हे पांघरूण घेऊन झोपल्याचं सोंग करत पडून राहिले. बायकोसुद्धा मग घाबरली. एका संध्याकाळी चहा देताना मला म्हणाली, "काय तो टायर असेल तो आणा. पडायचे तर रस्त्यावर पडू देत, असे घरात पडलेले मला बघवत नाहीत."

नवरात्र बसलं त्या पहिल्याच रविवारी मी सायकल घेऊन निघालो. पाणीगेटाजवळ एक जुना सायकलवाला आहे, ह्याच मापाचे टायर ठेवतो असं कळलं होतं. पुढचं चाक रिमवरच खडखडत होतं, रस्त्यात ठिकठिकाणी गरब्याचे मांडव, आणि मी घामाघूम होऊन ते धूड ढकलत चाललेलो. ओळखीचे दोघे भेटले आणि 'केम छो' म्हणून थांबले. दोघांनीही कुठला टायर घालावा ते सांगितलं.

सायकलवाला माझ्याहून मोठा, सत्तरीचा असेल. त्याच्यासमोर मी डायरी उघडली आणि चारही प्रकार वाचून दाखवले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि गुजरातीत एवढंच विचारलं की चालवतं कोण. मी म्हटलं, माझे वडील, रोज. त्याने सायकल उलटी केली. मागचं चाक फिरवलं, थांबवलं, अंगठ्याने टायर दाबला. मग पुन्हा सरळ करून सीटवर तळहात दाबला. डाव्या मुठीचं रबर पाहिलं. मी आपला उभा. मग तो मला म्हणाला, "आ सायकल पर तो कोई बेठुं ज नथी."

म्हणजे ह्या सायकलवर कुणी बसलेलंच नाही. मी म्हटलं, अहो काका, रोज जातात, सुरसागरपर्यंत. तेव्हा त्याने मला जवळ बोलावून एकेक दाखवलं. माणसाचं सगळं वजन मागच्या चाकावर येतं, त्यामुळे मागचा टायर आधी झिजतो. इथे मागच्या टायरची नक्षी नव्यासारखी होती. दोन्ही टायर झिजलेले नव्हते, उन्हात सुकून चिरले होते. सीटच्या स्प्रिंगा गंजून एकमेकींना चिकटल्या होत्या, बसणारा असता तर हलत्या राहिल्या असत्या. डाव्या मुठीचं रबर मात्र खालच्या लोखंडापर्यंत गेलेलं, आणि सीटच्या मागच्या कडेला, जिथे कोणी बसत नाही तिथे, तळहाताएवढा भाग घासून चकचकीत झालेला. त्याने मग सायकलच्या डावीकडे उभं राहून डावा हात मुठीवर आणि उजवा सीटच्या मागे ठेवला, दोन्हींवर भार टाकला आणि चार पावलं चालून दाखवलं. हुबेहूब बाबा. नाक्यापर्यंत जाताना मी त्यांना शंभर वेळा असंच पाहिलं होतं.

मी त्याच्या बाकड्यावर बसलो. त्याने पाणी दिलं. गेल्या दसऱ्याला ताप आला त्याच्याही आधीपासून, दीड वर्ष तरी, माझा बाप सायकलला धरून चालत होता, आणि मी त्यांना वेग विचारत होतो. काठी त्यांनी घेतली नाही कारण काठी घेतलेला माणूस म्हातारा असतो, आणि सायकल धरून चालणारा माणूस नुसता उतरलेला असतो, आता पुन्हा बसेल. माझा त्यांच्यावरचा राग जागच्या जागी विरला आणि स्वतःचीच एवढी लाज वाटली की सायकलवाल्यासमोर मान वर करवेना. कारखान्यात बाहेरून आलेल्या मालावरचा ओरखडा मला चार हातांवरून दिसतो.

सायकलवाल्याने भरीव टायरची जोडी काढली. त्याचं म्हणणं बरोबरच होतं: बसायचं नाही तर मणक्यांना काय होणार? भार टाकला तरी दबणार नाही, कधी फुटणार नाही. जड, टणक, बाबांनी सांगितलं तस्सं. मी ते हातात घेतलं आणि पुन्हा गोंधळलो. हे घरी नेलं की रविवारी पंप लागणार नाही. दर रविवारी खाली बसून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असे बाबा हवा भरतात, आणि हवा कशाला भरतात ते मला आज कळलं होतं. भरीव टायर नेणं म्हणजे मला कळलंय असं त्यांना सांगणं. आणि कळलंय असं त्यांना कळलं तर ते पुन्हा घराबाहेर पडतील का? मी भरीव परत दिला. मग मागितला. मग पुन्हा परत दिला. सायकलवाला दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळला तेव्हा कुठे मी ठरवलं. साधे काळे टायर घ्यायचे, आधी होते तेच. तीन आठवडे, एक डायरी, आणि घेतले काय तर तेच! हवा मात्र कडक भरून द्या म्हटलं. त्याने व्हॉल्व्हचे नट पान्याने आवळून दिले.

घरी मी कोणालाच काही बोललो नाही. बायकोला सांगितलं असतं तर तिने रागाच्या भरात नाहीतर मायेच्या भरात, पण बाबांना बोलून दाखवलंच असतं. दुसऱ्या दिवशी बाबांनी दाढी केली, आठला सायकल काढली आणि नाक्याकडे गेले. मी बस सोडून गॅलरीतून बघत उभा होतो. आनंद झाला, पण त्या आनंदाला लगेच दसरा आठवला. त्या दिवशी वीस-पंचवीस माणसं खाली उभी असणार आणि बाबांना सगळ्यांदेखत सायकलवर बसावं लागणार. नाही बसले तर सगळ्यांना कळणार. बसले तर पडणार. काय करावं? चुलतभावांना आधीच सांगून ठेवावं? त्यांच्यासाठी गाडी मागवावी? मीच आजारी पडावं? शस्त्रांबरोबर सायकलचीही पूजा झाली, तिच्या हँडलला झेंडूची माळ घातली, तरी मला काही सुचलेलं नव्हतं.

दसऱ्याला दुपारी सगळे जमले. वर फाफडा-जिलेबी सुरू झाली, मुलांचा कलकलाट, आणि बाबा इस्त्रीचा सदरा घालून मधोमध बसलेले. मग जरा वेळाने बघतो तर त्यांची खुर्ची रिकामी. तेवढ्यात माझ्या मनाने एक ठरवलं होतं, आणि ते बाबांच्या नकळत करायला हवं होतं म्हणून मी घाईघाईने जिना उतरलो. सायकलच्या चाकातली हवा सोडून द्यायची. पंक्चर झालं म्हणायचं. एवढाच मार्ग होता.

बाबा खाली होते. मागच्या चाकाजवळ उकिडवे बसले होते, एका हाताने मडगार्डला धरून, आणि दुसऱ्या हाताची बोटं व्हॉल्व्हवर. नट फिरवायचे, बोट निसटायचं, पुन्हा धरायचे. पान्याने आवळलेला तो. मला पाहून ते उठायला गेले, पण लगेच उठवेना, आणि मग तसेच बसून राहिले. वरून हसण्याचे आवाज येत होते. मला वाटलं आता ते काहीतरी सांगतील, म्हणजे धूळ पुसत होतो, असं काहीतरी. ते म्हणाले, "घट्ट बसलंय. जरा सैल करून दे."

मी शेजारी बसलो आणि नट फिरवला. हवा निघताना दोघेही चाकाकडे बघत होतो. टायर रिमपर्यंत बसला तेव्हा मी सवयीने पुढच्या चाकाकडे हात नेला, तर त्यांनी तो धरला. दोन्ही एकदम कशी जातील, असं पुटपुटले.

पुढे सगळं सोपं झालं. चुलतभाऊ उतरले, बाबांनी पंक्चर जाहीर केलं, सगळ्यांनी हळहळ केली आणि तिघांनी आपापल्या स्कूटरची मागची सीट देऊ केली. बाबा म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, सायकल टाकून मी यायचा नाही. मी म्हटलं, मी आहे त्यांच्याबरोबर. सगळे भुर्रकन गेले. आम्ही निघालो, तर दहा पावलांतच लक्षात आलं की मागचं चाक बसल्यामुळे सायकल डुलतेय आणि भार घेत नाही. मी त्यांच्या हातून हँडल घेतलं आणि मधे शिरलो. त्यांचा हात जरासा हवेत राहिला. मग तो माझ्या खांद्यावर आला, आणि किती भार टाकतात ते मला पहिल्यांदा कळलं.

पाणीगेटापर्यंत आम्ही चालत गेलो. आमच्या घराण्यातून दसऱ्याला पायी गेलेले पहिलेच दोघे असू. वेशीच्या बाहेर पोचलो तेव्हा बाकीचे आपटा लुटून परत फिरत होते, आणि त्यांच्या देखत बाबा मला मोठ्याने म्हणाले, "उद्या हे पंक्चर काढून आण." मी हो म्हटलं. बाकीचे निघून गेले तरी बाबांचा खांद्यावरचा हात तसाच होता, आणि परतीचं सगळं अंतर अजून चालायचं होतं.